बाय, आयेला सांग

लग्नाआधी माझं काम म्हणजे बोलणं. रोह्याच्या बाजारपेठेत एका साडीच्या दुकानात मी काउंटरवर उभी असायचे आणि नुसतं ब्लाउजपीस घ्यायला आलेल्या बाईला बोलता बोलता शालूपर्यंत घेऊन जायचे. मालक म्हणायचा, वैशाली रजेवर असली की दुकान मुकं वाटतं. अशा बाईच्या नशिबी आलं काय, तर कासूच्या पलीकडचं, खाडीच्या अंगाचं एक घर, जिथे सासरा आणि सून एकमेकांशी बोलत नाहीत.

भांडण वगैरे काही नव्हतं. पद्धत. सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, समोरासमोर उभं राहायचं नाही आणि थेट बोलायचं तर मुळीच नाही. माझ्या माहेरी, रोह्याच्या आतल्या बाजूला भात आणि वाल पिकवणाऱ्या आमच्या गावातही हे थोडंफार होतंच, पण माझे वडील वहिनीकडे सरळ चहा मागायचे. इथे माझे सासरे, कान्हू, एकदम पक्के. सगळा जन्म मिठागरात गेलेला, आता डॉक्टरांनी जेवणातलं मीठ कमी करायला सांगितलेलं. मी समोर भाकरी थापत असायचे आणि ते सासूबाईंना सांगायचे, “सुनेला सांग, माज्या कालवणात मीठ कमी टाक.” सासूबाई मान वळवून मला तेच सांगायच्या. मी त्यांना म्हणायचे, “बरं.” त्या पुन्हा मान वळवून सांगायच्या, “बरं बोलते.” सुरुवातीला मला हसू आवरायचं नाही. तोंडात पदर कोंबून मी चुलीकडे तोंड करायचे.

मग गेल्या वर्षी सासूबाई गेल्या, आणि हसण्यासारखं काही उरलं नाही. विमलबाई म्हणजे त्या घराचं टेलिफोन एक्स्चेंज होतं, तेच बंद पडलं. माझा नवरा निकेश धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला, आणि डबल शिफ्ट लागली की तिकडेच मिथुन नावाच्या मित्राच्या खोलीवर झोपायचा. घरात मागे आम्ही दोघं. आत यायचं असलं की मामंजी खोकायचे, मी जेवण वाढलं की पळी भांड्यावर आपटायचे. नळाला पाणी आलं की ते दाराच्या चौकटीला सांगायचे, “पानी आला,” आणि निघून जायचे. मी मांजराशी बोलायला लागले. काही दिवसांनी मांजरही कंटाळून शेजारच्या धोंडुबाईकडे राहायला गेलं.

त्यात मला दिवस गेले आणि सातव्या महिन्यातच पोरगी बाहेर आली. पेणला, रामवाडीच्या बाजूच्या हॉस्पिटलात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. एवढीशी. निकेशने तिला पाहिलं आणि तो बाहेर जाऊन जिन्यात बसला. पेटीवर चिठ्ठी होती, ‘बेबी ऑफ वैशाली’. तिला नळ्या होत्या, वायरी होत्या, आणि वर एक मशीन होतं जे तिने श्वास घ्यायचा आळस केला की ओरडायचं.

आता एक सांगते, कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे. त्या एनआयसीयूबाहेरच्या बाकावर मी जेवढी बोलले तेवढी लग्न झाल्यापासून बोलले नव्हते. सगळ्या आयांची पोरं आत, आणि आम्ही बाहेर एकमेकींच्या डब्यातलं खात बसलेल्या. कुणाचं वजन वाढलं की सगळ्यांना आनंद, कुणाचं घसरलं की सगळ्यांची तोंडं उतरलेली. शेवटी माझ्या पोरीला डिस्चार्ज मिळाला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी ढसाढसा रडले. त्यांना वाटलं, आनंदाने. मला डोळ्यांसमोर घर दिसत होतं.

निघताना भूमिका सिस्टरने मला आणि निकेशला समोर बसवून सगळं पुन्हा शिकवलं. पोरगी अजून बारकी आहे, तिला स्वतःची ऊब पुरत नाही, म्हणून दिवसभर कुणाच्या तरी उघड्या छातीशी बांधून ठेवायची. याला ती ‘कांगारू’ म्हणायची. हात धुतल्याशिवाय हात लावायचा नाही. धुरी नाही, काजळ नाही, घुटी नाही, बघायला येणाऱ्यांची रांग नाही. आणि शेवटी तिने एक बाहुली घेतली. “कधी श्वास घ्यायचा विसरली, ओठ निळे-काळे दिसले, तर घाबरायचं नाही. आधी मान सरळ करायची आणि तळपायाला अशी टिचकी मारायची. की लगेच आम्हाला फोन.” मी बाहुलीच्या तळपायाला टिचकी मारली. निकेशनेही मारली. सिस्टर म्हणाली, “घरी मशीन नसणार. आता मशीन तुम्हीच.”

घरी आलो त्या दिवशीच धोंडुबाई वाटीत घुटी उगाळून आणि घमेल्यात निखारे घेऊन दारात हजर. मी तिला उंबऱ्यावरच थांबवलं. चांगल्या शब्दांत सांगितलं, काउंटरवरच्या सगळ्या गोडव्याने सांगितलं, पण नाही ते नाहीच. ती घमेलं घेऊन परत गेली आणि तिने आळीत सांगितलं, “दवाखान्याचा पोर हाय ता, आपल्या हाताचा विटाळ होतो त्याला.” त्यानंतर कुणी आलं नाही. बाळंतिणीला कालवण घेऊन येणाऱ्या बायका आमच्या दारावरून जाताना पाऊल उचलून चालायला लागल्या. माझ्या आईला यायचं होतं, पण बाबांना अर्धांगवायू झालेला, त्यांना सोडून ती निघणार कशी? फोनवर ती रोज एकच विचारायची, “वजन वाढलं का गो?”

मी पोरीला छातीशी बांधून मधल्या खोलीत बसून राहायचे. बाहेर थंडी, खाडीवरचा वारा पत्र्यावर खडखडायचा. तिचा श्वास माझ्या गळ्याशी लागायचा. लागला की बरं वाटायचं, आणि जरा वेळ लागला नाही की मी खाली वाकून बघायचे. एकटेपणाचं काय असतं, बोलायला कुणी नसतं एवढंच नाही, घाबरायलाही सोबत कुणी नसतं. मला त्या मशीनची सुद्धा आठवण यायची.

आणि मामंजी? ते ओटीवर. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष येत नाही, त्यातून पोरगी कायम माझ्या पदराखाली, म्हणजे त्या दिशेला बघायचीही सोय नाही. नात घरात येऊन इतके दिवस झाले तरी त्यांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. ती रडली की ओटीवरची बाज करकरायची, ते उठून बसायचे, आणि रडणं थांबलं की पुन्हा आडवे व्हायचे. मला कळायचं, पण मी तरी काय करणार? भिंतीला सांगू?

मग मला ताप आला. अंग दुखतंय, खोकला. मी भूमिका सिस्टरला फोन केला. ती म्हणाली, “मास्क लावा, दूध तुमचंच द्या, पण काढून, वाटीचमच्याने. आणि ताप उतरेपर्यंत छातीशी दुसऱ्या कुणाला तरी बांधा. निकेशदादा आहेत ना?”

निकेशदादा नव्हते. कंपनीत शटडाउन चालू होतं, दुरुस्तीसाठी सगळा प्लांट उघडून ठेवलेला, रजा मागणाऱ्याला सुपरवायझर खाऊ की गिळू करत होता. निकेशने आत जाण्याआधी गेटवरून फोन केला, तेव्हा मी त्याला सिस्टरचं सगळं सांगितलं. “बाबांना सांगतो,” तो म्हणाला. मी म्हटलं, “काय?” तो म्हणाला, “मग कुणाला सांगू? धोंडुबाईला?”

ओटीवर मामंजींचा बटणांचा फोन वाजला. मला आतून एकाच बाजूचं ऐकू येत होतं. “व्हय... नाय रे, मी कसा?... अरे, माजी छाती बघितलीस काय कशी हाय?... सुनेला चालंल?... बरं. बरं.”

नंतर मोरीत पाण्याचा आवाज सुरू झाला तो थांबेना. आमच्या खाडीकाठच्या खारेपाटात पाणी एक दिवसाआड येतं, कळशी जपून वापरणारा माणूस, त्याने त्या थंडीत पिंप अर्धं केलं. साबण लावून अंग घासलं, नखं काढली, दाढी केली. मग मधल्या खोलीत येऊन भिंतीला पाठ लावून, कमरेला धुतलेलं धोतर, वर उघडे, डोळे घट्ट मिटून बसले. इंजेक्शनला बसल्यासारखे.

मी पोरीला त्यांच्या पुढ्यातल्या गादीवर ठेवलं, बाजूला सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची पट्टी ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन दाराआड उभी राहिले. आता सांगायचं कसं? मध्ये तर कुणीच नव्हतं. आणि मग माझ्या तापलेल्या डोक्यात आलं, आहे की! मी मोठ्याने म्हणाले, “बाय, आजोबांना सांग, आधी तुझ्या मानेखाली हात घालायचा.”

मग मामंजींचा आवाज आला. “बाय, आयेला सांग, घातला.”

“बाय, आजोबांना सांग, उभी धरून छातीला लावायची. पाय बेडकासारखे.”

“आयेला सांग, बेडूक झाला.”

“आता तोंड एका बाजूला. पट्टी गुंडाळायची. टोपी काढायची नाही.”

“आयेला सांग, समजला. अगो बाय, केवढीशी गो तू. केवढीशी.”

हे शेवटचं मला सांगायला नव्हतं. मी दाराआड खाली बसले. एकेक करून मी सगळं सांगितलं: दूध कसं पाजायचं, ढेकर कसा काढायचा, चादर कुठवर घ्यायची. सगळं पोरीला उद्देशून. आणि शेवटचं राहिलं ते. तोंड उघडलं आणि जीभच वळेना. ‘बाय, तू श्वास घ्यायची विसरलीस तर’... असं कुठली आई स्वतःच्या पोरीला तोंडावर बोलेल? भरल्या घरात असं बोलत नाहीत. मी ते गिळलं. मनाशी म्हटलं, संध्याकाळी निकेशच्या हातात फोन आला की त्याच्याकडून सांगायला लावू. कंपनीच्या आत फोन नेता येत नाही, गेटवर ठेवावा लागतो. तोवर मी इथेच तर आहे, भिंतीच्या अलीकडे.

आणि काय सांगू, तो माणूस बोलायला लागला. वर्षभर चौकटीशी बोलणारा माणूस, पोरगी छातीला लागली आणि त्याचं तोंड सुटलं. भरतीचं पाणी आत कसं घ्यायचं, ते उन्हाला कसं ठेवायचं, मीठ धरायला लागलं की पाण्याचा रंग कसा बदलतो. विमलबाई लग्न होऊन आल्या तेव्हा खाडीचा चिखल बघून रडल्या होत्या. “तुजी आजी बोलली, मला कुठे आनला? मी बोललो, रडू नको, सवय व्हते. खोटा बोललो मी, बाय. सवय कुनाला व्हते?” मी दाराआड बसून ऐकत होते, अंगात ताप, डोळ्यांतून पाणी, आणि हसूही येत होतं. मला वाटलं होतं त्यांना बोलणं आवडत नाही.

दुपारी मी दूध काढायला बसले. पलीकडे त्यांचं हळू आवाजात चाललेलं होतं. मग ते थांबले. झोप लागली असेल दोघांना, असं मला वाटलं. पत्र्यावर वारा वाजत होता.

“बाय,” मामंजी म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, “ए बाय.”

मी लक्ष दिलं नाही. दिवसभर ते हेच म्हणत होते.

“बाय, आयेला बोलव.” मी वाटी खाली ठेवली. काहीतरी हवं असेल, मी पदर सावरत उठले. “बोलव गो. बाय, आयेला बोलव ना. बोलव.”

तो आवाज ऐकला आणि मी पळाले. डोक्यावर पदर नाही, छातीवरचं ब्लाउज अर्धवट, तशीच त्यांच्यासमोर जाऊन पडले. वारा लागतो म्हणून त्यांनी चादर तिच्या टोपीपर्यंत वर ओढली होती. पोरगी पट्टीतून खाली घसरली होती, मान दुमडून हनुवटी छातीत रुतलेली. तोंड राखेच्या रंगाचं. आणि मामंजी दोन्ही हात हवेत धरून बसलेले. हात लावला तर मोडेल की काय, अशा भीतीने.

मी पट्टी ओढून सोडली, तिला त्यांच्या मांडीवर आडवी केली, मान सरळ केली. तळपायाला टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली, जोरात, माझंच नख मला लागलं. “घे,” मी ओरडले, “घे गो, श्वास घे!” तिने अंग ताणलं, तोंड वाकडं केलं, आणि एक श्वास आत गेला. मग दुसरा. मग ती बारीक आवाजात रडायला लागली. तोंडावर हळूहळू रंग आला.

मी सिस्टरला फोन लावला. ती म्हणाली, तपासायला हवं, लगेच घेऊन या, येईपर्यंत मान सरळ, छातीशी ऊब, श्वासावर नजर. मी कासू नाक्यावरच्या सुशीलला फोन करून रिक्षा बोलावली. फोन ठेवला आणि मग माझा तोल गेला.

“मला हाक मारता येत नव्हती?” मी त्यांच्या तोंडावर ओरडले. “नाव आहे ना मला? वैशाली! एवढं म्हणता येत नव्हतं?”

“बोलवत व्हतो ना,” ते म्हणाले. “तिलाच सांगत व्हतो, बोलव म्हनून.”

मी तरी दिवसभर कुणाला सांगत होते? जे सांगायला हवं होतं तेवढंच ठेवून बाकी सगळं सांगितलं होतं. माझा आवाज खाली आला.

पोरीला आता परत छातीशी लावायला हवं होतं, आणि मला खोकला. म्हणजे पुन्हा त्यांनाच. त्यांनी मान हलवली. “नाय. मी नाय. माज्याच्यान नाय होनार.”

“होणार,” मी म्हणाले. मास्क वर ओढला, हात धुऊन आले, आणि या वेळी मी स्वतः पोरीला त्यांच्या छातीवर ठेवलं. त्यांचा हात धरला आणि तिच्या मानेमागे नेला. मिठाने कापून खरबरीत झालेला तो हात थंड पडला होता. “हनुवटी अशी वर. इथे दोन बोटं मावली पाहिजेत. चादर खांद्यापर्यंत, त्याच्या वर नाही. रिक्षात तिच्या तोंडाकडेच बघायचं. पुन्हा तसं झालं तर मान सरळ आणि तळपायाला टिचकी. आता मला करून दाखवा.”

त्यांनी माझ्या तळहातावर टिचकी मारली. हलकी.

“जोरात.”

त्यांनी जोरात मारली.

आम्ही ओटीच्या दाराशी, आतल्या बाजूला, वारा लागणार नाही असे बसलो. समोर बांधावरचा रस्ता दिसत होता. रिक्षा अजून दिसत नव्हती. माझ्या डोक्यावर पदर नव्हता हे माझ्या आत्ता कुठे लक्षात आलं, आणि मी तो घेतला नाही. मामंजी पोरीच्या तोंडावरून नजर हलवत नव्हते. तसंच बघत त्यांनी विचारलं, “अजून काय काय सांगाचा राह्यला हाय? आत्ताच सांग.”

पहिल्यांदा त्यांनी मला सरळ विचारलं. मी सांगायला लागले. तिचं अंग गरम लागलं तर काय, गार पडलं तर काय, दूध नाकातून आलं तर काय. ते प्रत्येकाला ‘व्हय’ म्हणत होते.

“आनि?”

“डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय तिला. पुढच्या आठवड्यात. चुकवायचं नाही.”

“व्हय. आनि?”

आणि काय? सगळं तर सांगून झालं होतं. मी बांधाकडे बघत राहिले. “आणि मला या घरात एकटीला लय भीती वाटते,” मी म्हणाले. “दिवसभर वाटते.”

पोरीने झोपेत तोंड हलवलं. त्यांनी तिची हनुवटी बोटाने जराशी वर केली, मी दाखवली होती तशी.

“मला पन,” ते म्हणाले.

रिक्षा येईपर्यंत आमच्यातलं कुणी उठून आत गेलं नाही.